मोठ्यांनीही हाती घ्यावेत रंगखडू

रंगांची पेटी ही मुलांची वस्तू, असे आपण सगळेच धरून चालतो. जून महिन्यात शाळा सुरू झाली की वह्या, दप्तर आणि रेनकोट यांच्याबरोबर रंगपेटीही घरात येते. तिच्यावर मुलाचे नाव घातले जाते आणि घरातील मोठी माणसे तिच्याकडे पाहतही नाहीत. पण जरा आठवून बघा. शाळेतून 'माझे घर' किंवा 'पावसाळ्यातील एक दिवस' असे चित्र काढून आणायला सांगितलेले असते. मूल चित्र अर्धवट टाकून झोपी जाते. मग आई किंवा बाबा कुरकुर करीत ते पुरे करायला बसतात. पहिली पाच मिनिटे कपाळावर आठ्या असतात. पुढे आकाशात निळा रंग भरता भरता त्या आठ्या कधी जातात ते कळतही नाही. कौले एकेक करून रंगवली जातात, अंगणात कोंबडी येते, कोंबडीमागे पिल्ले येतात. शाळेने कोंबडी मागितलेली नसते! ती आपल्या आनंदासाठी आलेली असते.

या कोंबडीविषयी आज आम्हाला वाचकांशी बोलायचे आहे. दिवसभर कारखान्यात, दुकानात, लोकलच्या गर्दीत आणि चुलीपुढे राबणाऱ्या मोठ्या माणसाने आठवड्यातून तासभर रंग घेऊन बसावे, त्यात लाजू नये, आणि त्यातून आपल्या कुटुंबासाठी मोलाचे काही मागे ठेवावे, असे आमचे सांगणे आहे.

दोन डोंगर आणि मधला सूर्य

आपल्या पिढीतील बहुतेकांचे पहिले चित्र पाटीवर निघाले. पाटीवरची पेन्सिल, ओल्या फडक्याने पुसणे, आणि फडके नसले तर थुंकी लावून पुसणे! त्यासाठी गुरुजींचा मारही खाल्ला. चित्र ठेवून द्यायची सोयच नव्हती. काढायचे आणि पुसायचे. पुढे वही आली. वहीच्या मागच्या पानावर तेच चित्र शंभर वेळा निघाले. दोन डोंगर, त्यांच्या मधून वर येणारा सूर्य, खाली वाकडी वाहत येणारी नदी, काठावर एक खोपटे, एक नारळाचे झाड, आणि आभाळात मराठी चार आकड्यासारखे पक्षी. विदर्भातल्या मुलाने नारळ पाहिलेला नसे आणि मुंबईच्या चाळीतल्या मुलाने नदी पाहिलेली नसे, तरी चित्र सगळ्यांचे एकच.

कागदाखाली नाणे ठेवून वरून पेन्सिल घासली की नाण्यावरचे सिंह कागदावर उमटत. तो चमत्कार पहिल्यांदा ज्याने दाखवला, तो आपल्याला जादूगारच वाटला होता. भेंडी आडवी कापून शाईत बुडवायची आणि तिच्या फुलाचा ठसा काढायचा. कागद दुमडून त्यात रंगात भिजवलेला दोरा ठेवायचा आणि दाबून ओढायचा. चुलीतला कोळसा, विटेचा तुकडा आणि घर सारवताना उरलेला गेरू हीसुद्धा आपली रंगपेटीच होती.

खरी रंगपेटी मात्र वर्गात दोन-चार मुलांकडेच असे. बाकीचे 'जरा लाल दे ना' म्हणत बाकाबाकावरून फिरत. मागितलेल्या लाल रंगाने सूर्य रंगवायचा आणि तो परत करायचा. फूल रंगवायचे राहून जायचे. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या शासनाच्या रेखाकला परीक्षांना बसायचीही अनेकांची इच्छा होती. चित्रकलेचे सर म्हणत, 'तुझा हात चांगला आहे, फॉर्म भर.' पण परीक्षेची फी, ड्रॉइंग बोर्ड, ब्रश आणि रंग यांचा हिशेब घरी सांगायची हिंमत होत नसे. हात चांगला असूनही तो मागेच राहिला, अशी कितीतरी माणसे आज आपल्या आसपास आहेत. त्यांना पन्नासाव्या वर्षी बारा रंगांची पेटी हातात घेताना काय वाटत असेल, हे वेगळे सांगायला नको.

खडूची कुळकथा

मेणाचा खडू ही साधी वस्तू आहे. मेण वितळवायचे, त्यात रंगाची पूड मिसळायची, साच्यात ओतायचे, गार झाले की कागद गुंडाळायचा. अमेरिकेत बिनी अँड स्मिथ नावाची कंपनी होती. ती आधी काजळी रंग, पाटीवरच्या पेन्सिली आणि फळ्यावरचे खडू बनवीत असे. तिने १९०३ साली 'क्रेयोला' नावाची आठ खडूंची पेटी पाच सेंटला विकायला काढली. त्याआधी चांगले रंग चित्रकारांपुरते होते. या पेटीमुळे ते सामान्यांच्या मुलांपर्यंत पोहोचले.

आपण ज्याला तेलखडू म्हणतो, तो जपानचा. तिकडे शाळेत मुलांना छापील नमुन्यांवरून चित्रांची नक्कल करायला लावीत. यामामोतो कानाए नावाच्या चित्रकाराने त्याविरुद्ध चळवळ केली. मुलांना जे दिसते आणि जे वाटते ते मोकळेपणाने काढू द्या, असे त्याचे म्हणणे होते. मोकळ्या चित्राला मऊ, गडद आणि एकमेकांत मिसळणारा रंग हवा. म्हणून १९२५ च्या सुमारास साकुरा कंपनीचा तेल आणि मेण मिसळलेला खडू तयार झाला. म्हणजे तेलखडूच्या जन्मामागे नक्कल नाकारणारा एक विचार आहे.

आपल्याकडे दांडेकर बंधूंनी १९३१ साली मुंबईत शाई बनवण्याचा धंदा सुरू केला. तीच पुढे 'कॅमलिन' कंपनी झाली. उंटाचे चित्र असलेली त्यांची शाई आणि नंतर त्यांचेच रंग महाराष्ट्रातील घराघरांत गेले. २०११ पासून ही कंपनी जपानच्या कोकुयो समूहाकडे आहे. आज मेणखडूंची लहान पेटी दोन-तीन वडापावच्या पैशात येते. ज्या रंगासाठी आपण बाकाबाकावर फिरलो, तो आता आवाक्यात आहे. अडचण राहिली आहे ती आपल्या मनाची.

फुरसत हा हक्क आहे

'हे काय वय आहे का रंग खेळायचे?' हा प्रश्न घरोघरी ऐकू येतो. बाई चित्र काढायला बसली तर 'कामे संपली वाटतं' असा टोमणा येतो. पुरुष बसला तर मित्र हसतात. कष्टकरी माणसाने एकतर काम करावे, नाहीतर झोपावे, अशी समजूत पिढ्यानपिढ्या आपल्यात रुजवली गेली आहे. छंद हे श्रीमंतांचे लक्षण, असे आपणही मानू लागलो आहोत.

बाबासाहेबांना हे मान्य नव्हते. काँग्रेस आणि गांधीजींनी अस्पृश्यांसाठी काय केले, याचा जमाखर्च मांडणारा त्यांचा ग्रंथ १९४५ साली प्रसिद्ध झाला. यंत्रांना विरोध करणाऱ्या विचाराचा समाचार घेताना त्यांनी त्यात फुरसतीचा मुद्दा मांडला आहे. जनावर आणि माणूस यांतला फरक संस्कृतीचा आहे. संस्कृतीसाठी फुरसत लागते. सगळा दिवस पोटासाठी राबण्यात गेला तर माणसाला माणूस म्हणून जगताच येणार नाही. यंत्राने कष्ट कमी करावेत आणि ती फुरसत मूठभरांना नव्हे, सर्वांना मिळावी, असा त्यांचा आशय आहे.

हे केवळ पुस्तकातले बोलणे नव्हते. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे काम पाहत होते. १९४६ सालच्या कारखाने कायद्याच्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. आठवड्याचे सहा तास कामगाराच्या पदरात पडले. आणि स्वतः बाबासाहेबांनी काय केले? आयुष्याच्या उत्तरार्धात, एवढा कामाचा डोंगर डोक्यावर आणि प्रकृतीची तक्रार असताना, त्यांनी व्हायोलिन शिकायला घेतले आणि चित्रकलेचीही आवड जोपासली. देशाची राज्यघटना लिहिणाऱ्या माणसाला उतारवयात विद्यार्थी होण्यात कमीपणा वाटला नाही. मग आपण कोणाला भ्यायचे?

आपला हात कोरा नाही

'आम्हाला चित्र येत नाही' असे म्हणणाऱ्यांनी आपल्या मीरा-भाईंदरकडेच एकदा नीट पाहावे. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे कारखाने वर्षानुवर्षे चालत आले आहेत. पत्र्याची गोल चकती दाबून तिचा डबा, पातेले किंवा ताट करणाऱ्या कामगाराच्या डोळ्याला गोलाईतला बारीक दोष लगेच दिसतो. भांड्यावर ठिपक्याठिपक्यांनी नाव घालणारा कारागीर अक्षराचा वळसा चुकू देत नाही. उत्तनच्या किनाऱ्यावर होड्या पाहा. निळा, पिवळा, लाल आणि हिरवा हे रंग एकमेकांशेजारी इतक्या धिटाईने लावलेले असतात की शहरातला चित्रकार विचारात पडावा.

घरातील बाईचा हात तर रोजच चालत असतो. दारापुढची रांगोळी, गोधडीचे टाके, स्वेटरची वीण, साडीवरचा काठ निवडणे ही सगळी रंग-रेषेचीच कामे आहेत. चौदा एप्रिल जवळ आला की वस्तीतील तरुण रात्र रात्र जागून फलक रंगवतात, कमानी उभारतात. आता छापील बॅनर आले, पण ज्यांनी कुंचल्याने 'जयभीम' लिहिले आहे, त्यांचा हात अजून तो वळसा विसरलेला नाही.

आपल्या घरांवर लागणारा पंचशील ध्वज हासुद्धा रंगांचा एक धडाच आहे. तो १८८५ साली श्रीलंकेत वैशाख पौर्णिमेला प्रथम फडकवला गेला. निळा, पिवळा, लाल, पांढरा आणि नारिंगी हे पाच उभे पट्टे, आणि सहाव्या पट्ट्यात तेच पाच रंग आडवे. लहान मुलाला हा ध्वज रंगवायला द्या आणि शेजारी आपणही एक रंगवा. पट्ट्यांचा क्रम आपल्यालाही पुन्हा पाहून घ्यावा लागतो, असे दिसेल.

अजिंठ्याच्या भिंतींवरचे रंग तरी कुठून आले? गेरू, पिवळी माती, चुना, काजळी, हिरवट दगडाची पूड. निळा दगड तेवढा दूर अफगाणिस्तानाकडून आला. माती, शेण आणि भाताचा कोंडा यांच्या गिलाव्यावर ती चित्रे उभी आहेत. ज्यांनी ती काढली, त्यांतल्या बहुतेकांची नावेही आपल्याला ठाऊक नाहीत. ते हाताने काम करणारे कारागीर होते.

उशिरा सुरुवात केलेली माणसे

मध्य प्रदेशातील भिल्ल समाजाच्या भूरीबाई भोपाळला भारत भवनाच्या बांधकामावर मजुरी करीत होत्या. चित्रकार जगदीश स्वामिनाथन यांनी तेथील मजुरांना त्यांच्या समाजाच्या रीतीची चित्रे काढायला सांगितले. भूरीबाईंनी कागदावर रंग लावला. डोक्यावर घमेले वाहणाऱ्या त्या बाईंना २०२१ साली पद्मश्री मिळाली.

आपल्याच पश्चिम रेल्वेने डहाणूपर्यंत गेलात की वारली पाडे लागतात. तिथे लग्नघराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहिण्याचे काम बायकांचे. जिव्या सोमा म्हसे यांनी लग्नाची वाट न पाहता रोज चित्रे काढायला सुरुवात केली. लहानपणी आई गेल्यावर त्यांनी अनेक वर्षे बोलणे सोडले होते आणि ते मातीत रेघा ओढून आपले म्हणणे सांगत. बांबूची काडी चावून केलेला ब्रश आणि तांदळाचे पीठ एवढ्या सामानावर त्यांची कला परदेशात गेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते गेले.

चंदीगडमध्ये नेकचंद नावाचे रस्त्यांच्या कामावरचे निरीक्षक होते. नोकरीची वेळ संपली की ते फुटक्या बांगड्या, कपबशांचे तुकडे, मोडके दगड गोळा करून माणसे, पक्षी, प्राणी घडवीत. १९५७ पासून कित्येक वर्षे हे काम गुपचूप चालले होते. १९७६ साली ते 'रॉक गार्डन' म्हणून लोकांना खुले झाले. रवींद्रनाथ टागोर कवितेतील खाडाखोडीला आकार देता देता साठी उलटल्यावर चित्रकार झाले आणि १९३० साली पॅरिसला त्यांचे प्रदर्शन भरले.

आपल्याला पद्मश्री मिळवायची नाही, हे खरे. सांगायचे एवढेच की या कामाला प्रवेशपरीक्षा नाही आणि वयाची अट नाही.

डोक्याला उतार पडतो तो कसा

२०१६ साली अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. १८ ते ५९ वयाच्या ३९ माणसांना ४५ मिनिटे कागद, रंगीत पेन, चिकटकामाचे साहित्य आणि माती दिली. काय करायचे याचे बंधन नव्हते. आधी आणि नंतर त्यांच्या लाळेतील कॉर्टिसॉल मोजले. ताण वाढला की शरीरात हे द्रव्य वाढते. सुमारे ७५ टक्के माणसांत ते कमी झाल्याचे आढळले. ज्यांना चित्रकलेचा सराव होता त्यांनाच फायदा झाला, असेही दिसले नाही. न येणाऱ्यालाही तेवढाच उतार पडला. प्रयोग लहान होता. म्हणून रंग हे औषध आहे असे कोणी समजू नये. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर ती घ्यावीच. पण चर्चगेट ते भाईंदर उभ्याने प्रवास करून आलेल्या माणसाला अर्धा तास दुसऱ्या कशात तरी मन घालता येते, ही काही थोडीथोडकी गोष्ट नाही. पेल्यात मन घालण्यापेक्षा रंगात घातलेले बरे.

२०१३ साली स्कॉटलंडच्या जोहाना बासफर्ड यांचे मोठ्यांसाठी रंगवायचे पुस्तक निघाले आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत अशा पुस्तकांची जगभर लाट आली. आपल्याकडेही ती मिळतात. तयार नक्षीत रंग भरण्यात वाईट काही नाही. मात्र आपल्याकडे दुसऱ्याने आखलेल्या रेघांपेक्षा मोलाचे काही आहे, असे आम्हाला वाटते.

ज्याचा फोटो नाही, त्याचे चित्र काढा

एलिमेंटरी परीक्षेत 'स्मरणचित्र' नावाचा एक पेपर असतो. समोर काही न ठेवता आठवणीतून चित्र काढायचे. आपण सगळ्यांनी हा पेपर आता सोडवायला हवा, असे आम्हाला मनापासून वाटते.

१९९१ साली मीरा-भाईंदरची लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या आसपास होती. २०११ साली ती आठ लाख नऊ हजारांच्या वर गेली. म्हणजे इथे राहणारी बहुतेक माणसे दुसरीकडून आलेली आहेत. कोणी कोकणातील बौद्धवाडीतून, कोणी मराठवाड्यातून, कोणी घाटावरून, तर कोणी १९८२ च्या गिरणी संपानंतर परळ-वरळीच्या चाळीतली खोली सोडून. मागे राहिलेली ती घरे आज कुठे आहेत? कुडाच्या भिंतीचे घर पडले. बीडीडी चाळींच्या जागी टॉवर उभे राहत आहेत. भाईंदरमधल्या अनेकांच्या लहानपणीची मिठागरे, त्यांतले मिठाचे पांढरे ढीग, हेही पुष्कळसे दिसेनासे झाले.

आपल्या घरात त्या काळी कॅमेरा नव्हता. फोटो निघाला तर लग्नात, नाहीतर जयंतीला एखादा ग्रुप. आजीची चूल कुठे होती, पाण्याचे पिंप कुठे, वडील पाळीवरून आल्यावर कुठे निजत, वाडीची वेगळी विहीर कोणत्या बाजूला होती, चाळीच्या जिन्याखाली वाचनालयाचे कपाट कसे होते, याचा एकही फोटो नाही. ते फक्त आपल्या डोळ्यांपुढे आहे. आपण गेलो की तेही गेले.

जपानमध्ये हिरोशिमावर अणुबाँब पडला, त्याला २९ वर्षे झाली होती. १९७४ साली ७७ वर्षांचे एक गृहस्थ आपण काढलेले एक चित्र घेऊन तिथल्या एनएचके दूरचित्रवाणी केंद्रात गेले. त्यांनी त्या दिवशी पाहिलेले दृश्य होते ते. केंद्राने आवाहन केले, तुम्हीही आठवेल ते काढून पाठवा. गृहिणी, कामगार, म्हातारी माणसे यांनी पेन्सिल, खडू, रंगीत पेन, जे हाती लागेल ते घेऊन चित्रे काढली. ज्यांनी शाळा सुटल्यावर कधी चित्र काढले नव्हते, त्यांनीही काढली. दोन वर्षांत दोन हजारांहून जास्त चित्रे जमली. ती हिरोशिमाच्या शांती स्मारक संग्रहालयात जपून ठेवली आहेत. माणसांचे हात-पाय त्यात बरोबर आले नसतील, पण जे कॅमेऱ्याने टिपले नव्हते ते त्या खडूंनी टिपले.

आपल्या इतिहासाचेही असेच आहे. मोठ्या सभांचे, मोर्चांचे फोटो आहेत. आपल्या स्वयंपाकघराचे नाहीत. ते काम आपल्यालाच करावे लागेल. घर वाकडे आले तरी चालेल. चूल कोणत्या कोपऱ्यात होती, तेवढे बरोबर यावे.

सुरुवात अशी करा

साहित्य थोडेच लागते. बारा तेलखडूंची किंवा मेणखडूंची एक पेटी, एक पेन्सिल, साधी चित्रकलेची वही. वही नसेल तर मुलांच्या जुन्या वह्यांची कोरी पाने, लग्नपत्रिकेची पाठ, साडीच्या खोक्यातला पुठ्ठा चालतो. जमिनीवर जुने वर्तमानपत्र पसरावे. तेलखडू फरशीला लागला तर थोडे खोबरेल लावून पुसावा. रंगाचे हात जेवणापूर्वी साबणाने धुवावेत.

पहिल्या दिवशी चित्र काढूच नका. झाडाचे पान, पिंपळाचे, बदामाचे किंवा जास्वंदीचे, शिरा वर येतील असे पालथे ठेवा. त्यावर कागद ठेवा आणि खडू आडवा धरून हलकेच घासा. पानाच्या सगळ्या शिरा उमटतील. हे नाण्याच्या छापासारखेच आहे. पन्नाशीतही तो आनंद तसाच होतो, हे करून पाहिल्याशिवाय पटणार नाही.

दुसऱ्या दिवशी मेण आणि पाणी यांचे वैर वापरा. पांढऱ्या खडूने कागदावर जोर देऊन पावसाच्या रेघा ओढा. वरून पाणी घातलेला निळा रंग फिरवा. मेण पाणी धरत नाही, म्हणून रेघा पांढऱ्याच राहतात आणि कागदावर पाऊस पडतो. तिसरी गंमत खरवडण्याची. कागदावर हवे ते उजळ रंग जाड लावा, त्यावर काळा तेलखडू पूर्ण फासा, आणि बंद पडलेल्या बॉलपेनाच्या टोकाने रेघ ओढा. काळ्यातून खालचे रंग उजळून निघतात. रात्रीची दीपोत्सवाची रोषणाई या पद्धतीने फार छान दिसते.

एवढा हात सैल झाला की रविवारी बाहेर पडा. घोडबंदरचा किल्ला, जेसल पार्कची खाडी, खाडीपुलावरून जाणारी लोकल, पाण्यातली तिवरे, उत्तनच्या वलांडीवर वाळणारे बोंबील, हे सगळे आपल्या तिकिटाच्या अंतरावर आहे. समोर बसून काढा. आभाळ निळेच असते असे समजू नका. संध्याकाळी खाडीवर ते कसे असते ते पाहा आणि जो रंग दिसतो तो लावा.

आणि मग स्मरणचित्राकडे या. घरातील वडीलधाऱ्यांना शेजारी बसवा. तुम्ही काढा, त्यांनी सांगावे. 'नाही रे बाबा, दार इकडे होतं,' असे आजी म्हणाली की पुसून पुन्हा काढा. दार इकडून तिकडे नेताना आजी एक गोष्ट सांगते, आणि ती गोष्ट तिने याआधी कोणालाच सांगितलेली नसते. नातवंडांच्या हातातला मोबाइल अशा वेळी आपोआप खाली राहतो. त्यांना ओरडावे लागत नाही.

बायकांनी आणि पुरुषांनीही

एक अडचण मात्र स्पष्ट बोलायला हवी. रविवारी पुरुषाला सुट्टी असते, बाईला नसते. त्या दिवशी तिला जास्त काम. घरातल्या आईने रंग घेऊन बसावे असे वाटत असेल, तर त्या वेळेपुरती भांडी दुसऱ्या कोणीतरी घासली पाहिजेत. मुलगा, मुलगी, नवरा, कोणीही. नाहीतर 'तूही बस ना' हे म्हणणे नुसते तोंडदेखले ठरते. जागा कमी असेल तर सोसायटीचा जिना, गच्ची, विहाराचा हॉल बघावा. चार बायका एकत्र बसल्या की टोमणे मारणाराही नरमतो.

आणखी एक पथ्य पाळावे. कोणाच्याही चित्राला हसू नये, आणि मुलाच्या चित्राशी तुलना करू नये. 'बाबा, तुमच्यापेक्षा माझं छान' असे मूल म्हणाले तर ते मान्य करून टाकावे. मुलालाही कळू द्या की मोठी माणसे शिकत असतात, चुकत असतात आणि पुन्हा काढत असतात. 'शिका' हा मंत्र आपण मुलांना सांगतो. आपल्याला स्वतः शिकताना मुलांनी पाहिले तर तो अधिक पटेल.

आमची एक सूचना आहे. पुढच्या बुद्धपौर्णिमेला किंवा जयंतीला आपल्या विहारात मुलांच्या चित्रकला स्पर्धेबरोबर मोठ्यांसाठीही एक भिंत राखून ठेवा. स्पर्धा नको, नंबर नको. विषय एकच, 'आमचे पहिले घर'. दोरी बांधा, कपडे वाळत घालायचे चिमटे लावा आणि चित्रे टांगा. शेजारच्या इमारतीत वीस वर्षे राहणाऱ्या माणसाचे घर आपल्याच तालुक्यातले होते, हे तिथे उभे राहून कळेल.

आणि चित्र पुरे झाले की कागदाच्या पाठीवर पेनाने चार गोष्टी लिहायला विसरू नका. गावाचे किंवा चाळीचे नाव, अंदाजे साल, त्या घरात राहणाऱ्यांची नावे आणि चित्र काढणाऱ्याचे नाव. ते फ्रेम करायची गरज नाही. रेशनकार्ड आणि शाळेचे दाखले ज्या पिशवीत ठेवता, त्याच पिशवीत ठेवून द्या.